तिलावा जहाज आणि आपलं चिमूर

समुद्र आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीपासून लय लांब. पाणबुडी आपण सिनेमातच पाहिली. तरी आज ही गोष्ट सांगतो, कारण ती 1942 ची आहे, आणि 1942 म्हटलं की आपल्याला चिमूर आठवतं.

20 नोव्हेंबर 1942 ला ‘तिलावा’ जहाज मुंबईहून आफ्रिकेकडे निघालं. जहाजावर 958 माणसं. 23 तारखेला भर समुद्रात जपानी पाणबुडी आय-29 ने टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. जहाज लगेच बुडेना, म्हणून काही जण परत चढले. तेवढ्यात दुसरा टॉर्पेडो लागला. 280 जण गेले. 678 जणांना मदतीला आलेल्या जहाजांनी वाचवलं.

त्याच दिवसांत प्रा. भन्साळींचं उपोषण सुरू होतं. 16 ऑगस्टच्या उठावानंतर चिमूरच्या बायांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी करा, एवढीच मागणी. 63 दिवस ते उपाशी राहिले. आणि सरकारनं चिमूरच्या बातम्या छापायलाच बंदी घातली होती!

‘तिलावा’वर चांदीच्या 2,364 विटा होत्या. 2017 मध्ये त्या समुद्रातून काढल्या. मालकीचा खटला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, 2024 ला निकाल लागला. मेलेल्यांसाठी मात्र मुंबईत स्मृती कार्यक्रम व्हायला 80 वर्षं लागली.

मी पत्रकार आहे, म्हणून हे जास्त टोचतं. बातमी दाबली की घरातल्या म्हाताऱ्यांची आठवण हाच पुरावा उरतो. तुमच्या घरी चिमूरचं काही ऐकलेलं असेल, तर आजच लिहून ठेवा. खाली कमेंटमध्ये लिहिलं तरी चालेल.