शोकप्रसंगीचा पोशाख

शोकप्रसंगी पुढाऱ्यांची वस्त्रे न्याहाळण्याची रीत आजची नव्हे. 8 नोव्हेंबर 1981 रोजी लंडनच्या युद्धस्मारकापाशी मजूर पक्षाचे नेते मायकेल फूट हिरवट ओव्हरकोट घालून आले. वृत्तपत्रांनी त्याला कामगाराचे जाकीट ठरविले आणि हुतात्म्यांचा अवमान झाल्याचा बोभाटा झाला.

महाराष्ट्राच्या नेत्यावर असा प्रसंग 2008 साली ओढवला. 13 सप्टेंबरला दिल्लीत बॉम्बस्फोट झाले. त्या संध्याकाळी केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर दूरचित्रवाणीवर वेगवेगळ्या पोशाखांत दिसले. टीका धोरणांवर करावी, कपड्यांवर नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईवरील हल्ल्यानंतर 30 नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला. पण अनेकांच्या स्मरणात कपडेच राहिले.

मृतांसमोर नीटनेटके जावे, हा संस्कार आपल्या वसईतही आहे. अंत्यविधीच्या याजकीय वस्त्रांचे रंग ख्रिस्तसभेनेही ठरवून दिले आहेत. म्हणून लोकांची नजर वस्त्रांकडे गेली, यात आम्हांस गैर वाटत नाही. परंतु कोट पाहून फूट यांचे दुःख मोजता येत नव्हते. दिल्लीतही खरा प्रश्न सुरक्षेचा होता. कपड्यांना हसणे सोपे, सुरक्षेचा जाब विचारणे कठीण. सोपे ते करून आपण कठीण ते टाळतो आणि त्याची किंमत निरपराध माणसे मोजतात.