जीव मुठीत, कॅमेरा हातात : ‘व्ही/एच/एस’ची वाटचाल

‘सापडलेल्या फिती’चा भयपट घरी कुणाहीबरोबर पाहायला बसा, पहिल्या अर्ध्या तासात कुणीतरी म्हणणारच, “अरे, भूत मागे लागलंय ना? मग तो कॅमेरा टाकून पळ की!” प्रश्न रास्त आहे. या प्रकारातले निम्मे चित्रपट नेमके इथेच आपटतात. १९९९ साली ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने मेरीलँडच्या जंगलात बेपत्ता झालेल्या तिघांची फीत दाखवून जगभर पैसा केला आणि त्यानंतर ज्याच्या हाती हँडीकॅम तो दिग्दर्शक, असं होऊन बसलं. पण कॅमेरा न सोडण्याचं कारण दीड तास पुरवून पुरवून किती पुरवणार? पंधरा-वीस मिनिटं मात्र ते पुरतं. ‘व्ही/एच/एस’ ही मालिका या साध्या हिशेबावर उभी आहे.

भयपटांविषयी वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या ब्रॅड मिस्का यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली आणि जानेवारी २०१२ मध्ये सनडान्स महोत्सवात पहिला चित्रपट दाखवला गेला. रचना सोपी. काही भुरटे एका घरात फीत चोरायला शिरतात, आत टीव्हीसमोर एक म्हातारा मरून पडलेला, आजूबाजूला कॅसेटींचा ढीग. ते एकेक कॅसेट लावतात आणि आपल्याला एकेक गोष्ट दिसते. या बाहेरच्या गोष्टीबद्दल एकदाच सांगून टाकतो : आठही चित्रपटांत कमीअधिक प्रमाणात ती रडकीच आहे. जेवणाच्या ताटाखालच्या पाटासारखी. लागते, पण कुणी पाटाची चव सांगत बसत नाही.

आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना या मालिकेचा स्वभाव चटकन कळेल. पुरुषोत्तम करंडकाला कॉलेजची पोरं येतात, वेळ बांधलेली, पैसा बेताचा, नेपथ्य स्वतःच वाहून आणलेलं. परीक्षकांचा निकाल नंतर, ‘आवाज कुणाचा’ हे प्रेक्षागृहात आधीच ठरलेलं असतं. तसंच हे. डेव्हिड ब्रुकनर यांनी इथे ‘अमॅच्युअर नाईट’ केली आणि पुढे ‘द रिच्युअल’, ‘हेलरेझर’पर्यंत पोचले. ‘रेडिओ सायलेन्स’ या नावाने काम करणाऱ्या चौघांनी ‘१०/३१/९८’ केली. त्यांच्यातल्या मॅट बेटिनेली-ऑल्पिन आणि टायलर जिलेट यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्क्रीम’चा पाचवा भाग २०२२ मध्ये आला. एकांकिकेतून व्यावसायिक रंगभूमीवर जावं, तसं.

‘अमॅच्युअर नाईट’ अजूनही पहिल्या भागातली सगळ्यात पक्की गोष्ट. तीन टगे मोटेलची खोली घेतात, बारमधून मुली आणतात, आणि मुलींना कळू न देता चित्रण करायचं म्हणून एकाच्या चष्म्यात कॅमेरा बसवलेला. त्या मुलींतली एक लिली. डोळे जरा जास्तच मोठे आणि तोंडात एकच वाक्य : मला तू आवडतोस. हॅना फिअरमन या नटीने ते एवढंसं वाक्य असं म्हटलंय की पहिल्यांदा कीव येते, तिसऱ्यांदा घाम फुटतो. आणि कॅमेरा का टाकत नाही, या प्रश्नाचं उत्तर बघा : तो नाकावरच आहे. पळणारा माणूस चष्मा काढून पळत नाही. ज्या कॅमेऱ्याने दुसऱ्याची अब्रू टिपायची होती तो शेवटी मालकाचीच फजिती टिपतो. शेवटी त्याला कुणीतरी आकाशात उचलून नेतंय आणि चष्मा वरून खाली पडतोय, हे आपण चष्म्यातूनच पाहतो. याच गोष्टीवरून २०१६ मध्ये ‘सायरन’ नावाचा पूर्ण लांबीचा चित्रपट निघाला. लिलीबद्दल इतकं कळायची गरज नव्हती.

त्याच चित्रपटात ‘ट्यूज्डे द सेव्हन्टीन्थ’ ही एक फसलेली पण विसरता न येणारी गोष्ट आहे. जंगलातला खुनी कॅमेऱ्यात दिसतच नाही. तो उभा असेल तिथे चित्र फाटतं, आडव्या रेघा येतात, रंग ओघळतात. ज्यांनी ऐंशीच्या दशकात रात्रभरासाठी व्हीसीआर भाड्याने आणून एका बैठकीत तीन सिनेमे पाहिलेत, त्यांना त्या रेघा ओळखीच्या. आपण उठून ‘ट्रॅकिंग’चं बटण पिळायचो. इथे त्या रेघांमध्येच खुनी उभा आहे. कल्पना दहापैकी दहा. अभिनय आणि संवाद यांचे गुण मात्र विचारू नका.

२०१३ मधला दुसरा भाग हा या मालिकेचा कळस आणि माझ्या मते अजून तो कुणी ओलांडलेला नाही. ‘ब्लेअर विच’चे एक दिग्दर्शक एदुआर्दो सांचेझ आणि निर्माते ग्रेग हेल यांनी मिळून ‘अ राईड इन द पार्क’ केली. सायकलवरून रानात फेरी मारायला निघालेला एक तरुण, हेल्मेटवर कॅमेरा, फोनवर प्रेयसीशी लाडीगोडी. वाटेत झोंबी चावतो. तरुण मरतो आणि झोंबी होऊन उठतो. कॅमेरा डोक्यावर तसाच चालू. म्हणजे आता आपण झोंबीच्या बाजूने बघतोय. तो बागेतल्या एका पोराच्या वाढदिवसाच्या पार्टीत शिरतो, केक, फुगे, किंचाळ्या. इथवर मजाच चाललेली असते. मग झटापटीत खिशातला फोन आपोआप लागतो आणि पलीकडून प्रेयसीचा आवाज येतो : हॅलो? हॅलो? ते मेलेलं शरीर थबकतं. काहीतरी आठवल्यासारखं करतं. आणि जवळ पडलेली बंदूक स्वतःकडे वळवतं. झोंबीपटांच्या एवढ्या रगाड्यात मला गलबलून आलं ते इथेच.

याच भागात जेसन आयझेनर यांनी कॅमेरा कुत्र्याच्या पाठीला बांधला. कुत्र्याला कॅमेरा ठेव म्हणणार कोण? आणि याच भागात ‘सेफ हेवन’ आहे. ‘द रेड’ करून नाव झालेले वेल्सचे गॅरेथ इव्हान्स आणि इंडोनेशियाचे टिमो त्जहजान्तो यांची ही जोडी. एक वृत्तपट करणारी चमू एका पंथाच्या बंदिस्त आवारात मुलाखत घ्यायला जाते. त्यांच्याजवळ साधे कॅमेरे आहेत, लपवलेलेही आहेत, आवारात वेगळे लावलेत. त्यामुळे दिग्दर्शकांना दृश्य हवं तिथून कापता येतं आणि तरी खोटेपणा जाणवत नाही. सुरुवातीची दहा मिनिटं निव्वळ बैठक, चहापाणी, गोड बोलणं. मग भोंग्यावरून गुरूचा आवाज येतो, वेळ झाली म्हणतो, आणि जे सुटतं ते थांबत नाही. शेवटाला जो सैतान जन्मतो तो माणसाकडे बघून एक शब्द उच्चारतो : पपा. प्रेक्षकांतले निम्मे इथे हसतात. निम्म्यांच्या अंगावर काटा येतो. दोघांचंही बरोबर आहे.

मग २०१४ चा ‘व्हायरल’ आला आणि मालिका आडवी झाली. फितींची मूळ गंमतच सोडून दिलेली, इंटरनेटवरच्या प्रसिद्धीवर भाष्य करण्याचा सोस. नाचो विगालोंदो यांची ‘पॅरलल मॉन्स्टर्स’ सोडली तर त्यातलं काही लक्षात राहत नाही. एक माणूस दुसऱ्या विश्वातल्या स्वतःलाच भेटतो, दोघे पंधरा मिनिटांसाठी घरं बदलतात. घर तेच, बायको तीच, पण काहीतरी बिनसलेलं. बस्स. पुढची सात वर्षं मालिका थंड. दरम्यान, १९७६ मध्ये जपानच्या जेव्हीसीने बाजारात आणलेल्या व्हीएचएस फितींच्या तंत्राचाही शेवट झाला. जगात व्हीसीआर बनवत राहिलेली अखेरची कंपनी म्हणून ओळखली गेलेली फुनाई २०१६ मध्ये थांबली.

यंत्र मेलं आणि मालिका जिवंत झाली, हा योगायोग गमतीचा आहे. २०२१ मध्ये ‘शडर’ या भयपटांच्या स्ट्रीमिंग सेवेने तिला आसरा दिला आणि यावेळी शहाणपण असं की गोष्टी थेट १९९४ सालात नेऊन ठेवल्या. क्लोई ओकुनो यांची ‘स्टॉर्म ड्रेन’ पाहिलीच पाहिजे. स्थानिक बातम्यांची एक महत्त्वाकांक्षी वार्ताहर, मागे तिचा कॅमेरामन, आणि गटारात उंदीरमाणूस राहतो अशी वदंता. आत गेल्यावर गटारात वस्तीच निघते आणि त्या वस्तीचं दैवत : रात्मा. मराठी कानाला नाव आत्म्याच्या सख्ख्या भावासारखं वाटतं, आणि प्रत्यक्षात ते एक चिकट, घाण, केविलवाणं जनावर आहे. वार्ताहर वाचते. स्टुडिओत परत येऊन बातम्या द्यायला बसते, केस नीट, हसू नीट. मग रात्माचा जयजयकार करते आणि शेजारच्या निवेदकाच्या तोंडावर काळं ओकते. तिथे कॅमेरा का चालू आहे? बातम्या चालू आहेत म्हणून.

त्यानंतर दरवर्षी ऑक्टोबरला एक भाग, दिवाळी अंकासारखा. आणि दिवाळी अंकासारखाच, सगळा वाचवत नाही. २०२२ च्या ‘९९’मध्ये व्हेनेसा आणि जोसेफ विंटर या दांपत्याची ‘टु हेल अँड बॅक’ भन्नाट विनोदी : चेटकिणींच्या विधीचं चित्रण करायला भाड्याने आलेले दोघे चुकून नरकात पोचतात. २०२३ च्या ‘८५’मध्ये जीजी सौल गेर्रेरो यांनी १९ सप्टेंबर १९८५ चा मेक्सिको सिटीचा खरा भूकंप घेतला. सकाळचा टीव्ही कार्यक्रम, आणि छत खाली येतं.

२०२४ च्या ‘बियाँड’मध्ये तर मुंबईच आली. विराट पाल यांची ‘ड्रीम गर्ल’. दोन पापाराझी चित्रपटाच्या सेटवर घुसतात, तारा नावाच्या नटीचा एक फोटो मिळावा म्हणून. विमानतळाबाहेर, जिमबाहेर ताटकळणारी ही मंडळी आपण रोज पाहतो. त्यांच्यासाठी कॅमेरा टाकणं म्हणजे पोटावर पाय. इतका चोख कॅमेरामन या मालिकेला मिळाला नव्हता. नम्रता शेठ यांची तारा माणूस नसून यंत्र निघते, गाणंही होतं, आणि मग नेहमीची कापाकापी. अर्धी गोष्ट अस्सल, अर्धी साच्यातली. त्याच भागातली केट सीगल यांची ‘स्टोअवे’ मात्र शेवटपर्यंत टिकते. माइक फ्लॅनॅगन यांनी लिहिलेली, मोहावी वाळवंटात एकटीच परग्रहवासी शोधणाऱ्या बाईची. घरी लेक आहे, आणि ही कॅमेरा घेऊन यानात चढते. भीतीपेक्षा तिचा राग येतो, आणि रागापेक्षा वाईट वाटतं.

२०२५ चा आठवा भाग हॅलोविनवर बेतलेला. त्यात स्पेनचे पाको प्लाझा आहेत, ‘रेक’चे एक दिग्दर्शक. आणि ॲलेक्स रॉस पेरी यांची ‘किडप्रिंट’ : मूल हरवलं तर ओळख पटावी म्हणून दुकानात पालक आपल्या मुलांचं चित्रण करून घेतात. यात भूत नाही, राक्षस नाही. कमकुवत मनाच्या माणसाने ती टाळावी, हे मी गमतीने म्हणत नाही.

आठ चित्रपट सलग बघायला जाऊ नका, डोकं दुखतं. दुसरा भाग लावा, पहिली गोष्ट पुढे ढकला आणि सायकलवाल्यापासून सुरुवात करा. नंतर ‘सेफ हेवन’. तिसऱ्या दिवशी ‘स्टॉर्म ड्रेन’. तरीही कुणी विचारलंच की तो कॅमेरा का टाकत नाही, तर त्याला ‘अमॅच्युअर नाईट’ दाखवा.