मऊ पकडीचे पेटंट : आधी अर्ज, मग प्रदर्शन

अंबरनाथ एमआयडीसीतील एखाद्या उद्योजकाने यंत्रमानवासाठी सिलिकॉन रबराची मऊ पकड तयार केली, तर तिच्या पेटंटचा अर्ज मुंबईतील अँटॉप हिल येथील पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतो. हवेच्या दाबाने वाकणारी ही बोटे टोमॅटोही न चिरडता उचलतात. मात्र नुसत्या अर्जाने परीक्षण सुरू होत नाही. त्यासाठी ३१ महिन्यांत स्वतंत्र विनंती करावी लागते. २०२४ मधील दुरुस्तीपूर्वी ही मुदत ४८ महिने होती.

परीक्षक तीन गोष्टी पाहतो : नावीन्य, जाणकारालाही सहज न सुचणारी कल्पकता आणि औद्योगिक उपयोग. नावीन्याची तुलना जगभरच्या ज्ञानाशी होते. वस्तूच्या आकाराप्रमाणे वळणारी पकड जपानचे शिगेओ हिरोसे यांनी १९७८ मध्येच मांडली होती. अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये कॉफीची भुकटी भरलेल्या रबरी पिशवीतील हवा शोषून वस्तू उचलून दाखविल्या. त्यामुळे 'बोट मऊ आहे' एवढा दावा टिकत नाही. आतील पोकळ्यांची वेगळी रचना आणि तिचा तांत्रिक लाभ नेमका सांगावा लागतो. आक्षेपांना सहा महिन्यांत उत्तर दिले नाही आणि मुदतवाढही घेतली नाही, तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.

सर्वांत महागात पडते ती घाई. अर्जापूर्वी पकड प्रदर्शनात मांडल्यास नावीन्यच गमावण्याचा धोका असतो. कायद्याने दिलेली १२ महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरतीच आहे. म्हणून आधी तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करावा. संपूर्ण तपशील देण्यास त्यानंतर १२ महिने मिळतात.