शिवाजी पार्क (नामांतर)

मुंबईत दादर येथे, अरबी समुद्राच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले सार्वजनिक मैदान. महापालिकेने ते 1925 मध्ये लोकांसाठी खुले केले, तेव्हाचे नाव माहीम पार्क. शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त 1927 मध्ये ते बदलून शिवाजी पार्क करण्यात आले. त्यासाठी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी पुढाकार घेतला. त्रिशताब्दीचे हे वर्ष 1627 हे तेव्हा रूढ असलेले जन्मवर्ष धरून काढले होते. महाराष्ट्र शासनाने पुढे 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली, त्या हिशेबाने नामांतर तीन वर्षे आधीच झाले म्हणायचे. महाराजांचा अश्वारूढ पुतळा मात्र 1966 मध्ये आला. त्याच्या हाती तलवार नाही, हे पाहणाऱ्याच्या चटकन लक्षात येते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमुळे मैदानाला राजकीय वजन आले व ‘शिवतीर्थ’ हे नाव रुळले. शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा 30 ऑक्टोबर 1966 रोजी येथेच भरला. क्रिकेट आणि कट्टा ही त्याची रोजची ओळख. 2020 मध्ये नावाचा विस्तार ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असा झाला; बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे.