सलग तीन वर्षांचे रविवार

शाळेत मसावि-लसावि काढताना उभी रेघ मारून मूळ अवयव पाडायचो, आठवतंय? ८४ दिले की २, २, ३, ७. पुस्तकातल्या संख्या मुळात सहज फुटतील अशाच निवडलेल्या असायच्या. त्यामुळे एक गोष्ट कधी लक्षातच आली नाही: संख्या फुटते हे कळणं आणि ती कुठे फुटते हे कळणं, ही दोन पार वेगळी कामं आहेत. हा फरक गणितवाल्यांना एका २१ अंकी संख्येने चांगलाच दाखवला.

१६४४ मध्ये मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने एक यादी छापली. २ चा कितवा घात घेऊन त्यातून १ वजा केला की मूळ संख्या मिळते, याची. यादीत ६७ होता. म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ ही मूळ संख्या, असं त्याचं म्हणणं. सिद्धता वगैरे काही नाही, आणि तपासणार तरी कोण?

१८७६ मध्ये एदुआर ल्युकाने दाखवलं की ही संख्या मूळ नाही. पण गंमत बघा, अवयव त्यालाही माहीत नव्हते! त्याची कसोटी अवयवांना हातच लावत नाही. ठरावीक आकडेमोडीची साखळी चालवायची आणि शेवटी बाकी काय उरते ते बघायचं. आपल्या भाषेत, टेस्ट फेल झाली पण बग कुठल्या ओळीत आहे ते कळलं नाही.

अशी २७ वर्षं गेली. ३१ ऑक्टोबर १९०३ ला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत कोलंबिया विद्यापीठाचा प्राध्यापक फ्रँक नेल्सन कोल फळ्यापाशी गेला. एका बाजूला २ चा ६७ वा घात काढून १ वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार मांडला. दोन्ही उत्तरं सारखी! एक शब्द न बोलता तो जागेवर जाऊन बसला आणि सभागृहात टाळ्या. किती वेळ लागला असं पुढे विचारल्यावर म्हणाला, तीन वर्षांचे रविवार. हे सगळं ई. टी. बेलने लिहून ठेवलंय आणि बेल तिखटमीठ लावण्यात पटाईत, तेव्हा टाळ्यांबद्दल मी पैज लावणार नाही. गुणाकार मात्र पक्का आहे.

कोलने आंधळेपणाने भागाकार केले नव्हते. या संख्येचा प्रत्येक अवयव १३४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असावा लागतो. लहान अवयवासाठी ती पट १४,४५,५८०. आणखी चाळण्या लावून त्याने उमेदवार कमी केले, तरी सगळं हातानेच. माझ्या लॅपटॉपवर चार ओळींच्या प्रोग्रॅमने हे चहा गाळेपर्यंतसुद्धा लागू दिलं नाही. जरा ओशाळायला झालं, खरं सांगतो.

१९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच दरीवर आरएसए उभं केलं. दोन मोठ्या मूळ संख्या घ्या, गुणाकार जगजाहीर करा, अवयव लपवा. यात दरीच्या दोन्ही काठांचं काम पडतं. मूळ संख्या पटकन ओळखता आली नाही तर किल्ली बनणार नाही, आणि अवयव पटकन पाडता आले तर ती टिकणार नाही. त्याच वर्षी १२९ अंकी संख्या १०० डॉलरच्या बक्षिसासह आव्हान म्हणून छापली गेली. फोडायला ४ वर १६ शून्यं इतकी वर्षं लागतील असा अंदाज होता. लागली १७! १९९४ मध्ये इंटरनेटवरच्या सुमारे ६०० स्वयंसेवकांनी मशिनं जुंपून ती फोडली. यंत्रांचा वेग वाढला होताच, पण अवयव पाडायच्या रीतीही सुधारल्या होत्या, हे अंदाज करताना कोण धरणार?

२००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं की संख्या मूळ आहे की नाही हे नेहमीच, खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवता येतं. दरीचा हा काठ भक्कम झाला. पलीकडे, अवयव पाडायची तशी रीत नेहमीच्या कॉम्प्युटरसाठी कुणालाच सापडलेली नाही. २०२० मध्ये २५० अंकी आरएसए संख्या फुटली, तिला एका प्रोसेसर कोअरच्या हिशेबात साधारण २,७०० वर्षांचं काम लागलं.

आणि मेर्सेनच्याच जातीची आणखी एक आहे: २ चा १२७७ वा घात वजा १. ३८५ अंक. मूळ नाही हे सिद्ध झालंय, अवयव मात्र एकही सापडलेला नाही. हौशी मंडळी अजून घरचे कॉम्प्युटर चालू ठेवून शोधतायत.