आंग्र्यांची दोन घरे

रोह्याजवळचा अवचितगड चढून गेले की खाली कुंडलिकेचे पात्र दिसते. पेणकरांना तसा मिरगड. आमच्या या दोन तालुक्यांचे गड १७१३ च्या एकाच यादीत आहेत. बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्र्यांना शाहू महाराजांच्या पक्षात आणले, तेव्हा दहा किल्ले व सोळा ठाणी आंग्र्यांकडे कायम झाली. अवचितगड त्या दहांत, मिरगड सोळांत. कर्जतकडचा कोथळीगडही सोळांतच. तो वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी वारले. थोरला शेखोजी सरखेल झाला. त्या काळात या किनाऱ्यावर युद्धाची हाक एकच होती, ती जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्ध. १७२७ मध्ये सिद्दी साताने चिपळूणजवळचे परशुरामाचे देवस्थान उद्ध्वस्त केले होते. तेथले ब्रह्मेंद्रस्वामी साताऱ्याजवळ धावडशीला गेले आणि तेथून छत्रपतींना, पेशव्यांना, आंग्र्यांना पत्रांमागून पत्रे लिहीत राहिले. पेशवे त्यांचे शिष्य, तसे आंग्रेही. १७३३ मध्ये मोहीम निघाली. जमिनीवर बाजीराव, समुद्रावर शेखोजी. जंजिऱ्यातही त्याच वर्षी गादीवरून खूनखराबा झाला होता आणि अब्दुल रहमान मराठ्यांकडे येऊन मिळाला होता. इतकी अनुकूल वेळ पुन्हा आली नाही.

त्याच पावसाळ्यात शेखोजी वारला.

सरखेलीचा मान संभाजीकडे गेला. त्याचे आणि सावत्र भाऊ मानाजीचे पटले नाही. मानाजीने पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा काबीज केला. तिसरा भाऊ येसाजी त्याच्या हाती सापडला, त्याचे डोळे काढले गेले. संभाजी कुलाब्यावर चालून आला तेव्हा मानाजीने बाजीरावाला हाक मारली. मदत मिळाली, पण फुकट नाही. मोबदल्यात राजमाची आणि कोथळीगड पेशव्यांना द्यावे लागले. बापाने मिळवलेल्या यादीतला एक गड भावाविरुद्धच्या मदतीच्या किमतीत गेला तो असा.

१७३५ मध्ये वाटणी झाली. मानाजी ‘वजारतमाब’ म्हणून कुलाब्यास, संभाजी ‘सरखेल’ म्हणून सुवर्णदुर्गास. आपल्याकडे याला पेशव्यांची मध्यस्थी म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. नकाशा काढून पाहावे. कुलाबा उत्तरेला, सुवर्णदुर्ग दक्षिणेला आणि दोन्हींच्या मधोमध जंजिरा! ज्याच्याशी लढायचे तो मधे सुरक्षित, आणि लढणाऱ्यांच्या तोफा एकमेकांकडे वळलेल्या. शिवाय एकाला घर दिले नि दुसऱ्याला मान. दोघांनाही अर्धेच मिळाले. दोन्ही आरमारांतले खलाशी मात्र त्याच कोळी-भंडाऱ्यांच्या वस्त्यांतले होते. मानाजी पेशव्यांच्या बाजूला राहिला. एप्रिल १७३६ मध्ये रेवसजवळ कामार्ल्याच्या लढाईत चिमाजी आप्पाने सिद्दी साताला मारले, पण जंजिरा उभाच राहिला.

१७४० मध्ये संभाजी पुन्हा आला. थळ, सागरगड घेऊन त्याने कुलाब्याला वेढा घातला. या वेळी मानाजीने दोन हाका मारल्या, एक पेशव्यांना आणि दुसरी मुंबईच्या इंग्रजांना. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून याच कुलाब्यावर चालून आले होते आणि कान्होजींनी पेशव्यांच्या कुमकेने त्यांना परतवले होते. ते घडून वीस वर्षेही झाली नव्हती. त्याच इंग्रजांची गलबते आता कान्होजींच्या एका मुलाच्या बोलावण्यावरून दुसऱ्यावर धावून गेली. संभाजीला सुवर्णदुर्गाकडे माघार घ्यावी लागली. चिमाजी आप्पा आणि नानासाहेब या मोहिमेवर असतानाच, २८ एप्रिलला, बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला वारला.

मानाजीला दोष देणे सोपे आहे. पण संभाजीचा वेढा उठवायला त्याच्यापाशी दुसरे काय होते, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला घालून पाहिला आहे. इंग्रजांना मात्र आंग्र्यांच्या भांडणाचा रस्ता एकदा कळला तो कळलाच.

संभाजीमागून तुळाजी सरखेल झाला. सिद्दीकडून अंजनवेल त्याने घेतले, पण पेशव्यांपुढे तो वाकेना. मग मानाजीने जे केले तेच नानासाहेबाने मोठ्या प्रमाणावर केले. मार्च १७५५ मध्ये इंग्रजांशी करार झाला आणि एप्रिलमध्ये जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. बंदरात नांगरलेले तुळाजीचे आरमार जळून गेले. तो स्वतः पेशव्यांच्या स्वाधीन झाला आणि उरलेला जन्म त्याने कैदेत काढला.

मानाजी तेव्हा कुलाब्यास होता. १७५८ मध्ये तो वारला. त्याचा मुलगा रघूजी याने पुढच्याच वर्षी किल्ल्यात गणपतीचे देऊळ बांधले. ओहोटीला चालत जाऊन आजही त्याचे दर्शन घेता येते.