विषाने लावलेला छडा

नस स्नायूला ‘आखड’ म्हणून सांगते, म्हणजे नेमके काय करते? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बहुतेक शास्त्रज्ञांना हा प्रश्न सुटल्यासारखाच वाटे. निरोप विजेने जातो, आणि औषधे नि विषे आपले काम नसांच्या टोकांवर करतात, असे धरून सगळे चालत.

केंब्रिजच्या जॉन न्यूपोर्ट लँग्ली यांनी 1905 साली हा समज मोडला. त्यांनी भूल दिलेल्या कोंबडीला निकोटीन टोचले. तिचे पाय ताठ झाले. मग कुरारे दिले. दक्षिण अमेरिकेतले शिकारी बाणाच्या टोकाला चोपडत तेच हे विष. पाय पुन्हा सैल पडले. इथवर नवल काही नाही. पण लँग्लींनी पायाची नस आधीच कापून ठेवली, तिची टोके पार झडून जाऊ दिली आणि मग तोच प्रयोग केला. तरीही निकोटीनने स्नायू आखडला, कुरारेने सैलावला. म्हणजे नसेचे टोक निर्दोष! मग विष स्नायूची आखडण्याची ताकदच मारत असेल का? तेही नाही, कारण कुरारे दिलेल्या स्नायूला थेट विजेचा झटका दिला की तो बिनतक्रार आखडे. लँग्लींनी तर्क केला, की पेशीपाशी निरोप घेणारा एक वेगळाच पदार्थ असला पाहिजे आणि ही दोन्ही द्रव्ये त्यावरच्या जागेसाठी भांडत असली पाहिजेत. जर्मनीत पाउल एर्लिख रोगप्रतिकाराच्या अभ्यासात ‘रिसेप्टर’ हा शब्द वापरत होते. पुढे तोच रूढ झाला.

निरोप्या त्या मानाने लवकर सापडला. 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवले, की नस रसायन सोडते. स्नायूपाशी सुटणारे रसायन म्हणजे असिटिलकोलीन, हे हेन्री डेल आणि सहकाऱ्यांनी 1936 मध्ये सिद्ध केले. गंमत अशी, की डेल लँग्लींचेच विद्यार्थी, आणि रिसेप्टरची कल्पना मात्र त्यांना फारशी मानवत नव्हती. मला त्यांचा संशय रास्त वाटतो. जी वस्तू कोणी वेगळी काढलेली नाही, तिच्या नावावर काहीही खपवता येते.

ती वेगळी काढायला साप कामी आला. तैवानमध्ये चांग आणि ली हे औषधशास्त्रज्ञ तिथल्या पट्टेरी मण्यारच्या विषाचा अभ्यास करत होते. आपल्याकडे रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो त्या मण्यारचाच हा भाऊबंद. 1963 मध्ये त्यांनी विषातून अल्फा-बंगारोटॉक्सिन हे प्रथिन वेगळे केले. ते स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटले की सहसा सुटत नाही. असिटिलकोलीन क्षणभर टेकून निघून जाते. त्याच्या मागावर राहून रिसेप्टर शोधणे अशक्यप्राय होते. हे विष मात्र त्याला धरूनच ठेवते.

आता माल भरपूर हवा होता. तो दक्षिण अमेरिकेतल्या विजेच्या ईलने पुरवला. तिचे वीज निर्माण करणारे अवयव म्हणजे बदललेले स्नायूच, आणि त्यात हे रिसेप्टर खच्चून भरलेले. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये झाँ-पिएर शाँजू यांनी ली यांच्याकडचे विष ईलच्या पेशीपटलांवर वापरून 1970 मध्ये रिसेप्टरचे प्रथिन ओळखले. पाच साखळ्या मिळून झालेले ते एक कडे निघाले. असिटिलकोलीनचे दोन रेणू बसले, की मधले छिद्र उघडते, सोडियम आत घुसते आणि स्नायू हलतो. सगळा खेळ मिलिसेकंदांचा.

1973 मध्ये अमेरिकेत पॅट्रिक आणि लिंडस्ट्रॉम यांनी ईलपासून मिळवलेला हा रिसेप्टर सशांना टोचला. त्यांना त्याविरुद्धची प्रतिपिंडे हवी होती. ती मिळालीही, पण ससे लुळे पडले. त्यांची प्रतिपिंडे त्यांच्याच स्नायूंवर उलटली होती. मायस्थेनिया ग्रेव्हिस या आजारात माणसाचेही असेच होते: संध्याकाळपर्यंत पापण्या झुकतात, बोलणे अडखळते, घास गिळवत नाही. अंगभर पसरलेल्या मायस्थेनियात दहांतल्या सुमारे आठ रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात, आणि निदानासाठी डॉक्टर आज तीच तपासणी लिहून देतात.